तुझ्या भाषणातला दाखला

रियाध,
१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

प्रिय सुशीलदादास,
सप्रेम जय ख्रिस्त.

मी इथे बरी आहे. तुझी खुशाली विचारायची आता गरजच उरलेली नाही, राज्यमंत्री झाल्यापासून तू रोज मोबाइलवर दिसतोस. परवा कुठल्याशा पुलाची फीत कापताना तुझा सदरा पोटावर चांगलाच ताणलेला दिसला. वहिनीला सांग, दुपारचा भात जरा कमी वाढ.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा फोन ऋग्वेद उचलतो. पीए म्हणून तो चांगलाच आहे, पण मी नाव सांगितलं की म्हणतो, ताई, साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप द्या. हा निरोप त्याच्याकडे देण्यासारखा नाही. शिवाय इथून फोनवर काही गोष्टी बोलायला हल्ली मला नको वाटतं. आमच्या डायलिसिस विभागातला रोशन सुट्टीवर वसईला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. त्याच्याबरोबर आईसाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचं मलम पाठवलंय. मलम तिनेच लावायचं, शेजारणींना वाटायचं नाही.

आता मुद्द्याचं. आठ तारखेला, मरियामातेच्या सणाला, चर्चच्या पटांगणात तू केलेलं भाषण मी बघितलं. कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून, एका कानात इअरफोन घालून ऐकलं. खरं सांगू? पहिल्यांदा मला रडू आलं. एवढ्या लोकांसमोर माझा भाऊ माझं नाव घेत होता आणि त्याचा आवाज भरून आला होता. तुझी बहीण रियाधला नर्स आहे, त्या देशात चर्च नाही, रस्त्यावर क्रूस नाही, तरी दर शुक्रवारी चार बाया जीव मुठीत धरून एका खोलीत जमतात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल कोंबतात आणि कुजबुजत रोझरी म्हणतात, असं तू सांगितलंस. खाली औषधांचं दुकान, बंद पडलेली लिफ्ट, तिसरा मजला, सगळं सांगितलंस. मग विचारलंस, आणि आपण? चर्च दारात असून आपण झोपून राहतो. शेवटी म्हणालास, आपण कुणाच्या छत्राखाली सुरक्षित आहोत ते ओळखा. त्यावर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या पहिल्या रांगेत बसलेल्या तुझ्या पक्षाच्या पाहुण्यांनी. ही मंडळी याआधी आपल्या सणाला कधी आलेली मला आठवत नाहीत.

दुसऱ्यांदा ऐकताना मध्येच मी इअरफोन काढून टाकला. औषधांचं दुकान, लिफ्ट, तिसरा मजला. हे सगळं मीच आईला फोनवर सांगितलं होतं, हसत हसत, तिचा वेळ जावा म्हणून. आईने ते तुला जेवताना सांगितलं असणार. आता त्या भाषणाच्या व्हिडिओखाली कुणीतरी हिंदीत 'रियाध का छुपा हुआ चर्च' असं लिहून ते सगळीकडे पाठवलंय. इथे बत्हा बाजारातल्या खाणावळीत आपली माणसं जेवता जेवता ते बघतात.

दादा, तो व्हिडिओ काढायला सांग. ज्याने तो टाकला तो चॅनलवाला तुझ्याच शब्दातला आहे. माझं काही होणार नाही, मी हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर राहते हे तुला माहीत आहे. तरीही काढ. कुणासाठी, ते विचारू नकोस.

तुझी धाकटी,
शोभना


रियाध,
३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

प्रिय दादा,
सप्रेम जय ख्रिस्त.

रोशन परत आला. आईने दिलेली सुकेळी पोचली, आमच्या वॉर्डात एका दिवसात संपली. आईने मलम शेजारणींना वाटलं, हेही त्याच्याकडून कळलं.

तुझा निरोपही त्याने दिला. बिचारा सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. तू म्हणालास, "शोभनाला सांग, घाबरू नकोस. दाखला अगदी जसाच्या तसा घडलेला असायला लागत नाही. त्यातून निघणारा बोध खरा असला की झालं."

हे वाक्य मी घेऊन झोपते आणि घेऊन उठते. सुई टोचतानाही ते डोक्यात असतं, आणि माझ्या कामात तसं असून चालत नाही.

सेमिनरी सोडून तू घरी आलास तेव्हा आईने अंथरूण धरलं होतं. फादर व्हायचं राहिलं, पण प्रवचनाची शिस्त तू तिथून घेऊन आलास. आधी वचन, मग दाखला, मग आवाहन. फुलवाल्यांच्या सोसायटीची पहिली निवडणूक तू तसंच बोलून जिंकलीस, आणि पुढची प्रत्येक पायरी मला तुझ्या दाखल्यावरूनच आठवते.

दारूच्या दुकानाविरुद्धचा मोर्चा घे. माझ्या बापाला मी गटारातून उचलून आणलंय, असं तू चौकात उभं राहून सांगितलंस. बाबा गर्दीत मागे उभे होते. दुकान बंद झालं, तू सरपंच झालास, बाबांनी दारू सोडली, सगळं खरं. पण त्यानंतर मरेपर्यंत बाबा चर्चमध्ये शेवटच्या बाकावरच बसले. तू जिल्हा परिषदेला उभा राहिलास तेव्हा घटस्फोटावर बोलायचास, आमच्याच नात्यातली एक मुलगी म्हणून. मामाच्या सरिताचं नाव घेतलं नाहीस, घ्यायची गरजच नव्हती. नवऱ्याचा मार खाऊन ती परत आली होती, तेवढं मात्र गाळलंस. आता ती रविवारच्या मिस्साला दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाते. आमदारकीला आईला लाल लुगड्यात स्टेजवर बसवलंस आणि म्हणालास, दोन मुलांवर थांबणाऱ्यांनी हिच्याकडे बघावं, सात बाळंतपणं हसत केली. त्यातली दोन आपण पुरली, दादा. आई त्या दिवशी घरी येऊन लुगडं न बदलताच आडवी झाली. तुला वाटलं ती दमली.

तू वाईट माणूस आहेस असं माझ्या मनातही येत नाही. दारूच्या दुकानापायी उठलेली किती घरं पुन्हा बसली, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मंत्री झालास तरी पहाटेची मिस्सा चुकवत नाहीस, पेढ्यांचा पुडासुद्धा कुणाकडून घेत नाहीस. मिशन हॉस्पिटलात डायलिसिसचं केंद्र तू आणलंस, कुठली यंत्रं घ्यायची ते मला विचारून. मी इथे सगळ्यांना उद्घाटनाचा फोटो दाखवला होता. म्हणूनच तुझ्यावर रागवायचं म्हटलं की मला फार जड जातं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. गाळायची सवय काही तुझ्या एकट्याची नाही.

ती खोली माझी नाही. आमच्या हॉस्टेलवर चारचौघींना जमायला परवानगी नसते. ती खोली हफीजाच्या घरातली आहे. हफीजा आणि तिचा नवरा हनीफ दापोलीकडचे. हनीफ एका बांधकाम कंपनीच्या गोदामात काम करतो. त्याची आई ताजुन्निसाबी माझी पेशंट आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येते. पहिल्या दिवशी सुई बघून ती भेदरली होती. मी मराठीत म्हटलं, आजी, मान तिकडे करा आणि गावात काय पिकतं ते सांगा. तिने आंब्यापासून कुळथापर्यंत सगळं सांगितलं आणि यंत्र कधी सुरू झालं ते तिला कळलंही नाही. तेव्हापासून मी तिच्या घरची.

आम्ही चौघी, मी, केरळच्या दोघी आणि मंगळूरची एक, प्रार्थनेला जागा शोधत होतो. हे म्हातारीला कळल्यावर तिनेच सुनेला सांगितलं, शुक्रवारी माझी खोली द्या त्यांना. ती स्वतः तिथेच खाटेवर पडून असते, हातात तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ घेऊन. आम्ही भराभर म्हणायला लागलो की दटावते, "देवाचं नाव घेता की बस पकडायची आहे गो तुम्हाला?" बाहेर हफीजा बांगडा तळते. मग सगळ्या मिळून जेवतो. जीव मुठीत धरून आम्ही तो जिना कधीच चढलो नव्हतो, दादा. आता तसं चढावं लागेल. तुझ्या भाषणानंतर आम्ही तिथे गेलेलो नाही.

हे तुला आधी सांगितलं नाही, कारण मला तुझी भीती वाटली. हफीजाचं नाव तुझ्या कानावर पडलं तर तू तिचाही दाखला करशील, वेगळ्या सभेत, वेगळ्या आवाहनासाठी. हे पत्र कुरिअरने घरच्या पत्त्यावर पाठवतेय, वाचून झालं की फाडून टाक.

खाणावळीत एकाने हनीफला तो व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, ही तर तुझीच बिल्डिंग वाटते रे. त्यानंतर इमारतीच्या मालकाचा माणूस हफीजाला विचारून गेला, शुक्रवारी कोण बायका येतात म्हणून. हनीफच्या इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची मुदत संपत आली आहे आणि त्याची हमी घेणाऱ्या कफीलच्या ऑफिसात कुणी त्याचा फोन घेत नाही. कदाचित या सगळ्याचा तुझ्या भाषणाशी काही संबंध नसेल. मालक नुसता चौकशी करत असेल, कफील सुट्टीवर असेल. पण आम्ही विचारायचं कुणाला? विचारलं तर विचारलं म्हणून संशय. हनीफ आता घरात हळू आवाजात बोलतो. त्याची मुलगी उमामा मला फोनवर इंग्रजीत विचारते, आंटी, तुम्ही आमच्यावर रागावलात का? पोरीला काय सांगू मी?

आता नीट वाच. इकामा गेला की विमा जातो, विमा गेला की म्हातारीचं डायलिसिस थांबतं. ते थांबलं की काय होतं ते मी रोज बघते, तुला वर्णन करून सांगणार नाही.

सव्वीस तारखेच्या रविवारी चर्चच्या पटांगणात तुझा सत्कार आहे म्हणे. तो चॅनलवालाही असेलच. तिथे एवढंच बोल, की मी सणाला सांगितलेली गोष्ट तशी घडलेली नाही, माझ्या बहिणीला तिथे कुणी त्रास दिलेला नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही, इमारतीचं वर्णन नाही, ऐक्याबिक्यावर भाषण नाही. त्या दिवशी पहिल्या रांगेत कोण बसणार आणि हे ऐकून त्यांचे चेहरे कसे होणार, ते मला कळतं. मंत्रिमंडळाच्या विस्तारात तुला पूर्ण खातं मिळायचंय हेही कळतं. तरी मागते आहे. तो व्हिडिओ सोडला तर आजवर तुझ्याकडे मी काहीच मागितलेलं नाही.

वाट बघतेय.

शोभना


रियाध,
१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

दादा,
जय ख्रिस्त.

हे पत्र कुरिअरने वहिनीच्या नावावर पाठवतेय, म्हणजे ते ऋग्वेदच्या टेबलावर जाणार नाही. परवा त्याचा फोन आला होता. साहेब म्हणालेत, व्हिडिओ आता सगळीकडे गेलाय, काढून उपयोग नाही, आणि मंत्रिमंडळाचा विस्तार होईपर्यंत ताईंनी जरा धीर धरावा. तुझा आवाज ऐकू येतो का म्हणून मी थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवला. मागे कुणीतरी हसत होतं, पण तो तू नव्हतास.

धीर धरण्यातली गंमत सांगते. मालकाने हनीफला घर सोडायला सांगितलं. कारण विचारलं तर दुरुस्ती काढायची आहे म्हणाला. लिफ्ट वर्षभर बंद होती तेव्हा त्याला दुरुस्ती सुचली नव्हती. कफीलच्या ऑफिसातून शेवटी उत्तर आलं, बघू. इकामा होईलही, नाहीही. विम्याचं कार्ड त्याच्याबरोबरच संपतं. आमच्या डॉक्टरांनी हनीफला स्पष्ट सांगितलं की आईला नशिबावर ठेवता येणार नाही.

हनीफला इथून हलता येत नाही, तो गेला तर परत येणं कठीण. गावचं घर बंद आहे, तिथून डायलिसिसचं ठिकाण लांब, आणि तो रस्ता म्हातारीला आठवड्यातून तीनदा झेपणार नाही. हॉस्पिटलच्या एका खोलीत हनीफ, हफीजा आणि मी असे तिघं एकेक पर्याय खोडत बसलो होतो. मग मला तुझा फोटो आठवला, डायलिसिस केंद्राची फीत कापतानाचा.

मी सुट्टी टाकली. गुरुवारी मी येतेय. ताजुन्निसाबी माझ्याबरोबर आहे. ती आपल्या घरी राहील, आईच्या खोलीत, आणि तू आणलेल्या केंद्रात डायलिसिसला जाईल. तिथल्या सिस्टरशी मी बोलले आहे, शनिवारपासून जागा मिळाली. तुझं नाव मी सांगितलं नाही. आईला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिला आपला भात चालतो ना?" वहिनीने खाट रिकामी केलीय. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे. तूच तेवढा राहिला होतास, मीटिंगमध्ये होतास म्हणून.

हे वाचता वाचता तुझं डोकं कुठे धावेल ते मी ओळखते. मंत्र्याच्या घरात मुसलमान म्हातारी, विस्ताराच्या तोंडावर, पहिल्या रांगेतले लोक काय म्हणतील. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार येईल, की याचाही छान दाखला होईल. तो दुसरा विचार आला की लगेच थांब. आलेल्या पाहुण्यांना ही माझ्या बहिणीची पेशंट, एवढंच सांग, फोटो काढू देऊ नकोस. तिचं नाव, तिचा मुलगा कुठे आहे, ते कुणी विचारलं तर तुला माहीत नाही. हनीफ, हफीजा आणि उमामा अजून इथेच आहेत. माझी भीती अजून संपलेली नाही. फोन वाजला की आधी नंबर दोनदा बघते, अजूनही.

तिला तुझं भाषण कुणी दाखवू नये असं मी सगळ्यांना बजावलं होतं. पण उमामाच्या मोबाइलवर तिने ते केव्हाच ऐकलं होतं. सगळं, शेवटपर्यंत. काल यंत्र चालू असताना ती आपणहून म्हणाली, "तुझा भाव बरा बोलतो गो. पण टॉवेल मी ठेवलेला. धुरळा येतो म्हणून."

मी तिच्या हाताची पट्टी नीट केली. मग तिने विचारलं की तुमच्या घरी माझ्यामुळे कुणाला त्रास तर नाही ना व्हायचा. मी नाही म्हटलं. दादा, मी तुझ्या वतीने नाही म्हटलंय.

रविवारी सत्काराला मी येणार आहे. आईचा हट्ट आहे की म्हातारीलाही घेऊन जायचं, घरी एकटी कशाला ठेवायची. तेव्हा आई लाल लुगड्यात, तिच्या शेजारी पांढऱ्या ओढणीत ताजुन्निसाबी, आणि तिच्या शेजारी मी. मंत्र्याच्या घरच्यांना पुढची जागा मिळतेच. सरितालाही निरोप धाडला आहे. येते म्हणाली नाही, पण नाही येत असंही म्हणाली नाही.

तू काय बोलावंस ते आता मी सांगणार नाही. मागच्या पत्रातली वाक्यं तुझ्याकडे आहेत, पत्र फाडलं असलंस तरी आठवतील, तुझं पाठांतर आधीपासूनच चांगलं. तू उभा राहशील, वचन म्हणशील, आणि मग दाखला द्यायची वेळ येईल. तेव्हा खाली बघ. ती तुझ्याकडेच बघत असेल. तिला मराठी सगळं कळतं.

तिची बॅग भरून झाली. औषधं, तसबीह, दोन लुगडी, आणि सगळ्यात वर तो टॉवेल. मी म्हटलं, आजी, हा कशाला, तिकडे टॉवेल मिळतात. ती म्हणाली, असू दे, तुमच्याकडेही धुरळा असेलच.

रविवारी पहिल्या रांगेत बसणारी,
तुझी शोभना